१९७१ ची फियाट, थकलेलं इंजिन आणि पुढे आलेले तीन पर्याय

तुमचा प्रश्न थोडक्यात मांडतो, म्हणजे इतर वाचणाऱ्यांनाही संदर्भ लागेल. गाडी १९७१ ची फियाट ११०० डिलाइट, वडिलांनी नवी घेतलेली, आता तुमच्या नावावर, दादरला इमारतीच्या आवारात उभी असते. धूर मारते, रेडिएटरमधलं पाणी कमी होतं, चढावर ओढत नाही. मिस्त्री म्हणाले, इंजिन संपलंय, बदलून टाका. त्यांनी तीन पर्याय दिलेत: भंगारात गेलेल्या पद्मिनी टॅक्सीचं चालू इंजिन, प्रीमियर ११८ एनईचं इंजिन गिअरबॉक्ससकट, किंवा मारुती जिप्सीचं १३०० सीसीचं एमपीएफआय, म्हणजे कॉम्प्युटरने पेट्रोल फवारणारं इंजिन. तुम्हाला अधूनमधून रविवारी लोणावळ्याला आणि गणपतीत गावी जायचंय. यांपैकी कोणतं घ्यावं?

आत्ता यांपैकी कशासाठीही आगाऊ रक्कम देऊ नका. गाडीत आज जे इंजिन आहे तेच, त्याच ब्लॉकवर, म्हणजे सिलिंडर असलेल्या मुख्य लोखंडी सांगाड्यावर, नीट बांधून घेणं हा पहिला पर्याय आहे, आणि नेमका तोच तुमच्यापुढे कुणी ठेवलेला नाही. ब्लॉक खरोखर कामातून गेला असेल तरच कागदपत्रं असलेलं दुसरं १०८९ सीसीचं इंजिन शोधायचं. ११८ एनईचं इंजिन उत्तम आहे, पण तुमच्या या गाडीसाठी नाही. जिप्सीचं अजिबात नको. आता कारणं सांगतो, कारण नुसता निकाल घेऊन तुम्ही गॅरेजात गेलात तर समोरच्याच्या पहिल्या मुद्द्यालाच अडाल.

‘इंजिन संपलं’ हे निदान नव्हे. इंजिनाचं काय संपलं, ते कळायला हवं. तुम्ही धुराचा रंग लिहिलेला नाही आणि सगळी मेख तिथेच आहे. रात्रभर उभी राहिलेली गाडी सकाळी सुरू करताना निळा धूर येऊन दोन मिनिटांत थांबत असेल, किंवा घाट उतरताना अॅक्सिलरेटर सोडून पुन्हा दाबल्यावर मागे निळा फुगारा दिसत असेल, तर ऑइल व्हॉल्व्हच्या गाइडमधून खाली उतरतंय. ते हेडचं, म्हणजे ब्लॉकवर बसणाऱ्या व्हॉल्व्हच्या झाकणाचं काम आहे, इंजिन खाली उतरवायचीही गरज नाही. गाडी ओढताना सतत निळा धूर आणि ऑइल भरायच्या झाकणातून भकाभका वाफ येत असेल, तर पिस्टनच्या रिंगा आणि बोअर (सिलिंडरची पोकळी) झिजलेत. पांढरा धूर आणि सोबत पाणी कमी होणं म्हणजे बहुतेक हेड आणि ब्लॉकमधली गॅस्केट, नाहीतर हेडच. काळा धूर म्हणजे कार्बोरेटर. तुमच्या गाडीत दोन-तीन गोष्टी एकत्र असू शकतात, आणि तशा असल्या की सगळ्यांना मिळून ‘इंजिन संपलं’ म्हणून टाकणं सोपं जातं.

कॉम्प्रेशन तपासून घ्या. इंजिन गरम करायचं, चारही प्लग काढायचे, कॉइलची वायर सोडायची, अॅक्सिलरेटर तळापर्यंत दाबून धरायचा आणि प्रत्येक सिलिंडरला मीटर लावून स्टार्टर पाच-सहा फेरे फिरवायचा. बॅटरी चांगली हवी, नाहीतर आकडे खोटे येतात. अॅक्सिलरेटर न दाबता घेतलेले आकडेही खोटेच, आणि ही चूक मुंबईच्या गॅरेजांत मी वारंवार पाहतो. या इंजिनात १२० पीएसआयच्या वर आकडे आले तर ते अजून बरंच धडधाकट आहे. आकड्यांपेक्षाही त्यांच्यातला फरक महत्त्वाचा. सर्वांत जास्त आणि सर्वांत कमी आकड्यांत दहा-पंधरा टक्क्यांहून अधिक तफावत नको. जो सिलिंडर कमी दाखवेल त्यात प्लगच्या भोकातून चमचाभर इंजिन ऑइल टाकून पुन्हा मोजा. आकडा चांगला वर चढला तर गळती रिंगांतून आहे, कारण ऑइलने ती फट तात्पुरती बुजवली. आकडा हलला नाही तर व्हॉल्व्ह. शेजारशेजारचे दोन सिलिंडर दोन्ही कमी आणि बाकीचे दोन ठीक असतील तर त्या दोघांमधली गॅस्केट फुटली आहे. अर्ध्या तासाचं काम आहे, आणि त्याच्या निकालावर तुमचे किती पैसे वाचतात ते ठरतं.

आणखी एक शक्यता हल्ली फार वाढली आहे. पंपांवर आता वीस टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल मिळतं. इथेनॉलमध्ये स्वतःचा ऑक्सिजन असतो, त्यामुळे जुन्या जेटवर (पेट्रोल मोजून सोडणाऱ्या बारीक छिद्रावर) चालणाऱ्या कार्बोरेटरचं मिश्रण पातळ होतं, म्हणजे हवेच्या मानाने पेट्रोल कमी पडतं. नव्या गाडीत सेन्सर ते ओळखून पेट्रोल वाढवतो, तुमच्या गाडीतला कार्बोरेटर ते करू शकत नाही. परिणाम म्हणजे गाडी चढावर ओढत नाही, गरम होते, पिकअप देताना अडखळते. हीच लक्षणं थकलेल्या इंजिनाचीही असतात. शिवाय इथेनॉल हवेतला ओलावा ओढून घेतं, आणि जुने रबरी पाइप, पेट्रोल पंपाचा पडदा, बुचाच्या गॅस्केटी त्याने फुगतात किंवा विरतात. पावसाळाभर गाडी अर्ध्या टाकीवर उभी राहिली असेल तर टाकीच्या तळाला पाणी असण्याची शक्यता मोठी. म्हणून कॉम्प्रेशन ठीक निघालं तर आधी टाकी रिकामी करून साफ करा, पाइप आणि पंपाचा पडदा इथेनॉलला टिकणारे बसवा, मेन जेट एक पायरी मोठा करून पाहा. इंजिन बदलायला निघालेली एखादी गाडी एवढ्यावर सुरळीत चालू लागते.

समजा, हे सगळं करून ब्लॉकच झिजलाय असं ठरलं. तरी इंजिन तेच बांधा, असं मी का म्हणतोय?

पहिलं कारण, हे इंजिन बांधून घेण्यासाठीच बनलेलं आहे. ओतीव लोखंडाचा ब्लॉक, अॅल्युमिनियमचं हेड, पुशरॉडचे व्हॉल्व्ह, ६८ मिमी बोअर, ७५ मिमी स्ट्रोक. कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्यात डिलाइटपासून प्रेसिडेंट आणि पुढे पद्मिनीपर्यंत मूळ इंजिन हेच राहिलं. तीन दशकांहून जास्त काळ एकच इंजिन बनत राहिल्यामुळे आणि मुंबईच्या हजारो टॅक्सी त्यावर चालल्यामुळे पिस्टन, रिंगा, बेअरिंग, गॅस्केट संच आजही ऑपेरा हाउसच्या बाजारात आणि कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर मिळतात. पण हे कायम राहणार नाही. शेवटची पद्मिनी टॅक्सी २९ ऑक्टोबर २००३ ला ताडदेव आरटीओत नोंदली गेली होती, तिची वीस वर्षं भरली आणि ३० ऑक्टोबर २०२३ पासून शहरात अधिकृत पद्मिनी टॅक्सी उरली नाही. सुट्या भागांना रोजचं गिऱ्हाईक टॅक्सीवाल्यांचंच होतं. दुकानदार आता आहे तो माल संपवतायत, नवा फारसा भरत नाहीत. इंजिन आज बांधा किंवा वर्षाने बांधा, पण पूर्ण गॅस्केट संच, क्रँकशाफ्टची मेन बेअरिंग, कनेक्टिंग रॉडच्या खालच्या टोकाची बिग एंड बेअरिंग, वॉटर पंपाचा संच आणि टायमिंग चेन आताच घेऊन ठेवा.

दुसरं कारण ब्लॉकवर ठोकलेला नंबर. आरसी बुकातला इंजिन नंबर तो आहे. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे आरसीतला तपशील आणि उत्पादकाने मूळ ठरवलेला तपशील यांच्यात फरक पडेल असा बदल परवानगीशिवाय करता येत नाही. त्याच मेकचं, त्याच प्रकारचं इंजिन बसवतानासुद्धा आरटीओची आधी परवानगी आणि नंतर आरसीत नोंद, हा रस्ता चुकत नाही. २०१९ च्या दुरुस्तीनंतर कलम १८२अ प्रमाणे नियमबाह्य बदल करणाऱ्या मालकाला प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतात. पण दंडापेक्षा मला काळजी विम्याची वाटते. नंबर जुळत नसलेल्या गाडीचा अपघात झाला तर कंपनीला दावा नाकारायला आयतं कारण मिळतं. आणि पाच वर्षांनी नोंदणीच्या नूतनीकरणासाठी इन्स्पेक्टर नंबराचा पेन्सिलने छाप घेईल, तेव्हा सगळं उघडं पडतं.

तिसरं कारण फक्त तुमच्या गाडीला लागू आहे, आणि तुमच्या पत्रात त्याचा उल्लेख नाही. १९७१ ची गाडी म्हणजे तिला पन्नास वर्षं पूर्ण झाली. जुलै २०२१ मध्ये केंद्राने व्हिंटेज वाहनांसाठी वेगळे नियम आणले. पहिल्या नोंदणीपासून पन्नास वर्षांहून जुनी, मूळ स्वरूपात राखलेली आणि चासी, बॉडी किंवा इंजिनात मोठा फेरफार न झालेली गाडी त्यात बसते. २०,००० रुपये शुल्क, दहा वर्षांची वैधता, नंतर ५,००० रुपयांत नूतनीकरण, आणि नंबरप्लेटवर ‘व्हीए’ ही अक्षरं. पण या नोंदणीवर गाडी रोजच्या वापरासाठी रस्त्यावर काढता येत नाही. रॅली, प्रदर्शन, इंधन, देखभाल अशा कामांपुरतीच काढायची. तुम्हाला रविवारी लोणावळा आणि गणपतीत कोकण गाठायचंय, म्हणजे आज तुमच्यासाठी नेहमीची नोंदणी, फिटनेस आणि दर पाच वर्षांनी नूतनीकरण हाच मार्ग सोयीचा. तरीही उद्या तुमचं मन बदललं, किंवा तुमच्या मुलीला ही गाडी व्हिंटेज म्हणून जपावीशी वाटली, तर तो दरवाजा उघडा राहायला हवा. त्याच ब्लॉकची दुरुस्ती केल्याने तो उघडा राहतो. ११८ एनईचं निस्सान किंवा जिप्सीचं सुझुकी इंजिन घातलं की बंद होतो, आणि मग मूळ इंजिन परत बसवलं तरी कापलेल्या बॉडीचं काय करणार?

आता बांधणीबद्दल, कारण ‘इंजिनाचं काम केलं’ या तीन शब्दांत खूप काही लपवता येतं. ब्लॉक गॅरेजात नाही, मशीन शॉपमध्ये मोजला गेला पाहिजे. प्रत्येक बोअर वर, मध्ये आणि खाली, दोन आडव्या-उभ्या दिशांनी. झीज सर्वांत जास्त वरच्या भागात असते, जिथे वरची रिंग थांबून परत फिरते. याआधी ब्लॉक किती वेळा बोअर झालाय, म्हणजे आतून कापून मोठा केलाय, ते पिस्टनच्या माथ्यावरच्या आकड्यावरून कळेल. शेवटच्या ओव्हरसाइझवर (वाढीव मापावर) आला असेल तरी घाबरू नका, लायनर, म्हणजे आत नवी नळी घालून मूळ मापावर आणता येतो. आधी पिस्टन विकत घ्या आणि ते मशीन शॉपला देऊन त्यांच्या मापाने बोअर करून घ्या. आधी बोअर करून नंतर बाजारात पिस्टन शोधले की एक सैल आणि एक घट्ट, असं होतं. नवी रिंग बोअरमध्ये सरळ बसवून तिच्या टोकांमधली फट फिलर गेजने मोजायची. या बोअरला ती पाव मिलिमीटरच्या आसपास हवी. मिस्त्री ही फट मोजतात का, एवढंच पाहा. जे मोजतात त्यांच्या हातात इंजिन निर्धास्त द्या.

क्रँकशाफ्ट, म्हणजे पिस्टनच्या वरखाली हालचालीने फिरणारा मुख्य दांडा, फक्त तीन मेन बेअरिंगवर फिरतो. म्हणून मधलं बेअरिंग सर्वांत जास्त सोसतं, आणि म्हणून हे इंजिन सलग उंच फेऱ्यांवर पळवायचं नसतं. क्रँक आधी दहा, वीस की तीस थाऊ (इंचाचा हजारावा भाग) ग्राइंड झालाय ते जुन्या बेअरिंगच्या पाठीवर छापलेलं असतं. जुनी बेअरिंग फेकू देऊ नका, मागून घ्या, इंजिनाचा इतिहास त्यांच्यावर असतो. ग्राइंड केल्यावर ऑइलच्या वाटा स्वच्छ धुवून हवा मारणं अत्यावश्यक. तिथे राहिलेली लोखंडाची भुकटी नवं बेअरिंग पहिल्याच दिवशी खाते.

हेड अॅल्युमिनियमचं आहे आणि तुमचं पाणी कमी होतंय, म्हणून हेडकडे सर्वांत जास्त लक्ष द्या. वर्षानुवर्षं नुसतं नळाचं किंवा बोअरवेलचं पाणी भरलं की लोखंडी ब्लॉक आणि अॅल्युमिनियमचं हेड यांच्यात हेड खात जातं. पाण्याच्या भोकांच्या कडा कुरतडल्यासारख्या दिसतात. वाकडं हेड फेसिंग करून सरळ करता येतं, पण ते याआधी किती वेळा घासलंय ते पाहायला हवं. फार पातळ झालं असेल तर चांगलं हेड शोधा. हेड उघडल्यावर एक्झॉस्ट व्हॉल्व्हच्या सीट कठीण धातूच्या बसवून घ्या. ही इंजिनं शिसं घातलेल्या पेट्रोलच्या काळातली आहेत. शिसं व्हॉल्व्ह आणि सीटमध्ये उशीसारखं काम करायचं, आणि २००० पासून देशभर ते पेट्रोल बंद झालं.

थर्मोस्टॅट बसवा. आपल्याकडे तो काढून टाकण्याची सवय आहे, ‘गाडी गरम होते’ म्हणून. थर्मोस्टॅट नसलेलं इंजिन हवं तितकं तापतच नाही, ऑइलमध्ये ओल आणि चिकटा जमतो, बोअर लवकर झिजतात. गाडी गरम होत असेल तर रेडिएटर चोंदलाय, वॉटर पंपाची पाती खाल्ली गेलीत किंवा टायमिंग चुकलंय. नवं बांधलेलं इंजिन जुन्या, न उघडलेल्या रेडिएटरला जोडू नका. रेडिएटर उघडून नळ्या साफ करून घ्या आणि पाण्यात कूलंट घाला.

ब्लॉकला तडा गेलेला निघाला, किंवा कधीकाळी कनेक्टिंग रॉड तुटून भोक पडलं असेल, तेव्हाच दुसरं इंजिन घ्यायची वेळ येते. तेव्हा टॅक्सीचं इंजिन वाईट नाही, कारण ते याच कुटुंबातलं आहे. मात्र ते तुमच्या हातात येण्याआधी काय काय सोसून आलंय ते लक्षात घ्या. मुंबईच्या टॅक्सी मोठ्या प्रमाणात सीएनजीवर गेल्या. सीएनजी कोरडा जळतो आणि व्हॉल्व्हच्या सीट जास्त खातो. शिवाय टॅक्सीचं इंजिन दिवसाला दोन पाळ्या चाललेलं. म्हणजे टॅक्सीचं इंजिन घ्यायचं ते ब्लॉक आणि क्रँकसाठी. ते चालू आहे म्हणून गाडीत टाकून द्यायचं, असा विचार करू नका. तुम्हाला ते उघडून बांधावंच लागेल, आणि सौदा त्याच हिशेबाने करा.

विकणारा म्हणेल, चालू इंजिन आहे, ऐकून बघा. तुम्ही पोचण्याआधी इंजिन गरम करून ठेवलेलं नाही ना, हे ब्लॉकला हात लावून पाहा. थंड इंजिनच सुरू करायला सांगा. गरम असेल तर उद्या येतो म्हणा. जाड ऑइल भरलेलं असेल तर डिपस्टिकवर मधासारखं लोंबेल, तेव्हा बेअरिंगचा आवाज दबलेला असतो. इंजिन चालू असताना वरचा टिकटिक आवाज टॅपेटचा, त्याची चिंता नको. खोल, खालून येणारा धप-धप आवाज, ओढ पडल्यावर वाढणारा, तो मेन बेअरिंगचा, आणि त्याला किंमत आहे. शक्य असेल तर खालचं चेंबर उतरवून एक बिग एंडची आणि मधल्या मेनची टोपी उघडायला सांगा. बेअरिंगवर तांबडा थर दिसू लागला असेल तर क्रँक ग्राइंडिंगचा खर्च किमतीतून वजा करा. ब्लॉकच्या बाजूला पाण्याच्या वाटा बंद करणाऱ्या पत्र्याच्या टोप्या असतात, त्या गंजून पाझरताहेत का पाहा. समुद्राकाठच्या गोदामात बरीच वर्षं पडलेलं इंजिन असेल तर ते हाताने फिरतंय का, ते सर्वांत आधी पाहा. खाऱ्या हवेत रिंगा बोअरला चिकटून बसतात.

आणि नंबर. ब्लॉकवरचा नंबर घासून पुन्हा ठोकलेला असेल तर ते इंजिन फुकट मिळालं तरी घेऊ नका. नंबराभोवतीचा पृष्ठभाग इतर ब्लॉकपेक्षा गुळगुळीत, आकडे वेगवेगळ्या खोलीचे, ओळ वाकडी, ही खूण. त्यावर कागद ठेवून पेन्सिलने छाप घ्या. ज्या गाडीतून इंजिन निघालं तिच्या आरसीची प्रत, ती नोंदणी रद्द झाल्याचा कागद, आणि इंजिन नंबर लिहिलेलं बिल, हे तिन्ही नसतील तर आरटीओत तुमच्याकडे दाखवायला काहीच नाही. चोर बाजारात स्वस्त मिळतं हे खरं, पण तिथून घ्यायचे ते दाराचे हँडल, दिव्यांच्या काचा, मीटर. नंबर असलेली वस्तू बिलाशिवाय कुठूनच घ्यायची नाही.

दुसरं इंजिन बसवलं तरी तुमचा मूळ ब्लॉक भंगारात देऊ नका, त्याचे जे काही पैसे मिळतील ते गाडीच्या किमतीपुढे नगण्य आहेत. ऑइल लावून, भोकं बंद करून, लाकडी फळीवर कोरड्या जागी ठेवा. तडा गेलेला ब्लॉकही जाणकार वेल्डर अनेकदा सांधू शकतो.

११८ एनईच्या इंजिनाबद्दल मला मनापासून आदर आहे. प्रीमियरने १९८५ मध्ये फियाट १२४ ची बॉडी घेऊन त्यात निस्सानचं ए-१२ इंजिन बसवलं. ११७१ सीसी, ७३ मिमी बोअर आणि ७० मिमी स्ट्रोक, म्हणजे स्ट्रोक आखूड, आणि क्रँक पाच बेअरिंगवर. त्यामुळे ते उंच फेऱ्यांवर गोड चालतं, तुमच्या इंजिनासारखं कुरकुरत नाही. ताकद बावन्न हॉर्सपॉवरच्या आसपास, तुमच्या इंजिनाच्या चाळीसच्या तुलनेत चांगलीच जास्त, तरी मागच्या अॅक्सलला पेलणारी. पद्मिनीत हे इंजिन घालणारे अनेक जण आहेत आणि नीट केलेलं काम मी चांगलं चाललेलं पाहिलंय. पण तुमच्या डिलाइटचा गिअर स्टीअरिंगवर आहे. निस्सानच्या गिअरबॉक्सचा दांडा खालून वर येतो. त्यासाठी गाडीच्या मधल्या पत्र्याला भोक पाडावं लागतं, इंजिनाची माउंटिंग नव्याने बनवावी लागतात, इंजिनाचं खालचं चेंबर आणि पुढचा आडवा मेंबर एकमेकांना अडतात का ते पाहावं लागतं, प्रॉपेलर शाफ्ट लांबीला बदलून पुन्हा बॅलन्स करावा लागतो, क्लचची जोडणी, स्पीडोमीटरची केबल, सायलेन्सरचा पाइप, सगळं नवं. एवढं करून हाती जे येतं ते वडिलांनी चालवलेलं स्टीअरिंगवरच्या गिअरचं वाहन राहत नाही. नंतरच्या काळातली, फ्लोअर गिअरची, आधीच बरीच बदललेली पद्मिनी तुमच्याकडे असती आणि आरटीओची परवानगी आधी मिळाली असती, तर मी हाच पर्याय पुढे केला असता. आणखी एक व्यावहारिक गोष्ट: माझ्या अनुभवात आज मुंबईत पद्मिनीचे इंजिन पार्ट ११८ एनईपेक्षा सहज मिळतात.

जिप्सीचं इंजिन १२९८ सीसी, सोळा व्हॉल्व्हचं, ऐंशी हॉर्सपॉवरचं. म्हणजे गाडी ज्यासाठी बनली त्याच्या जवळजवळ दुप्पट. तुमच्या गाडीला चारही चाकांना ड्रम ब्रेक आहेत, मागे पाट्याचे स्प्रिंग आहेत, आणि स्वतंत्र चासी नाही. बॉडीच चासीचं काम करते. मुंबईच्या हवेत पन्नासहून अधिक वर्षं काढलेल्या पत्र्यावर, ज्याच्या पुढच्या रेल आतून किती गंजल्यात ते कुणी उघडून पाहिलेलं नाही, तुम्ही दुप्पट ओढ टाकणार. मग ब्रेक बदलायचे, मग अॅक्सल, मग स्प्रिंग, मग पत्र्याला मजबुती. वर कॉम्प्युटर, त्याच्या वायरी, टाकीपासून उच्च दाबाचा पंप आणि पेट्रोल परत आणणारा पाइप. कोकणच्या वाटेवरच्या कशेडी घाटाचा चढ या इंजिनाने तिसऱ्या गिअरमध्ये निघतो हे खरं. पण तो उतरतानाही गाडी तीच आहे, आणि ब्रेक तेच आहेत. तुमच्या घरची माणसं त्यात बसणार आहेत, म्हणून या पर्यायाला मी स्पष्ट नाही म्हणतोय.

डिझेलचं इंजिन घालायचा सल्ला कुणी दिला तर ऐकून सोडून द्या; वजन वाढतं, पुढचं सस्पेन्शन बसतं, आणि डिझेल पद्मिनीच्या इंजिनाचे भाग तर पेट्रोलच्या तुलनेत कुठेच मिळत नाहीत. विजेवर रूपांतर करता येतं, पण मान्यताप्राप्त संस्थेने तपासून मंजूर केलेल्या किटनेच. तसं किट तुमच्या नेमक्या मॉडेलसाठी मंजूर आहे का, हे आधी कागदावर पाहा.

बांधलेलं इंजिन परत आल्यावर पहिले हजार किलोमीटर त्याला सांभाळा. २०डब्ल्यू-५० खनिज ऑइल वापरा. आजचं पातळ सिंथेटिक ऑइल या इंजिनाच्या फटींसाठी बनलेलं नाही, आणि चपट्या टॅपेटला लागणारा जस्ताचा अंश त्यात कमी असतो. पहिलं ऑइल पाचशे किलोमीटरवर बदला, हेडचे नट थंड इंजिनावर पुन्हा ठराविक क्रमाने आणि टॉर्क रेंचने आवळा, टॅपेटची फट पुन्हा बघा. लोणावळ्याला जुन्या घाटातून जा, सत्तरच्या आसपास ठेवा, पण एकाच वेगाने तासन्तास नको. नव्या रिंगांना बोअरवर बसायला ओढ आणि सुटका दोन्ही लागतात. शहरात फक्त पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये रेंगाळत ठेवलेलं नवं इंजिन ऑइल पीतच राहतं.

खर्चाचा आकडा मी मुद्दाम देत नाही, कारण ब्लॉक उघडल्याशिवाय दिलेला आकडा खोटा ठरतो. मिस्त्रींकडून मात्र काम सुरू होण्याआधी लेखी घ्या: कोणते भाग नवे, कोणत्या मापाचे, मशीन शॉपचं बिल वेगळं, आणि काढलेले सगळे जुने भाग परत तुमच्याकडे. मशीन शॉप तुम्ही स्वतः एकदा जाऊन पाहा, आणि ब्लॉक तिथे जाण्याआधी त्याच्या नंबराचा फोटो काढून ठेवा.

तोवर कॉम्प्रेशनचे आठ आकडे मला कळवा, चारही सिलिंडरचे कोरडे आणि ऑइल टाकल्यानंतरचे, सोबत धुराचा रंग आणि तो नेमका कधी येतो ते. इंजिन खाली उतरवायचं की फक्त हेड, हे त्यावर ठरवू.